सोडियमला इलेक्ट्रॉन खरंच ‘द्यायचा’ असतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सोडियमच्या अणूतून इलेक्ट्रॉन काढायला मोलमागे ४९६ किलोज्यूल लागतात, क्लोरीनने तो घेतला की ३४९च परत मिळतात. सौदा उघड उघड तोट्याचा, मग मीठ तयार होतंच कसं? त्याला जोडून आणखी दोन शंका आहेत. सगळ्यांत जहाल फ्लोरीन असताना इलेक्ट्रॉन आसक्तीत (अणूने जादा इलेक्ट्रॉन घेतला की मिळणाऱ्या ऊर्जेत) पहिला नंबर क्लोरीनचा का? आणि शेजारचे कार्बन, ऑक्सिजन इलेक्ट्रॉन घेत असताना नायट्रोजन हात आखडता का घेतो? हे सगळे अपवाद पाठच करायचे का, असं शेवटी तुम्ही वैतागून विचारलंय.

वैताग रास्त आहे आणि वजाबाकीही बरोबर आहे. चुकतंय ते शाळेपासून कानावर पडलेलं वाक्य: ‘सोडियमला इलेक्ट्रॉन द्यायचा असतो, क्लोरीनला घ्यायचा असतो.’ यातला दुसरा अर्धा भाग चालेल, पहिला अजिबात नाही. इलेक्ट्रॉन फुकटात सोडणारा अणू आवर्तसारणीत एकही नाही. मोजलेल्या मूल्यांत सगळ्यांत कमी आयनीभवन ऊर्जा (अणूतून इलेक्ट्रॉन काढायला लागणारी) सीझियमची, ३७६. सगळ्यांत जास्त इलेक्ट्रॉन आसक्ती क्लोरीनची, ३४९. हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. सगळ्यांत सैल हाताचा देणारा आणि सगळ्यांत हावरा घेणारा यांची गाठ घातली तरी २७ कमीच पडतात. म्हणजे तुमचा ‘तोटा’ सोडियम-क्लोरीनपुरता नाहीच. एकमेकांपासून दूर असलेल्या कुठल्याही दोन मूलद्रव्यांच्या अणूंमध्ये इलेक्ट्रॉन आपणहून इकडून तिकडे जात नाही. तेव्हा खरा प्रश्न ‘कोणाला द्यायचा आहे’ हा नसून ‘फरकाचे पैसे कोण भरतं’ हा आहे. आणि ते परिस्थितीवर अवलंबून आहे: स्फटिकात एक उत्तर, पाण्यात दुसरं, ज्योतीत तिसरंच.

(पुढचे सगळे आकडे किलोज्यूल प्रति मोल आहेत, दर वेळी एकक लिहीत बसत नाही.)

मी ॲनालिटिकल केमिस्ट्रीचा माणूस. दिवस जातो फ्लेम फोटोमीटर आणि ॲटॉमिक ॲब्सॉर्प्शनच्या यंत्रापुढे, संध्याकाळ बीएस्सीच्या मुलांबरोबर. मुलांना मी पहिल्या तासाला एकच सांगतो: आयनीभवन ऊर्जा आणि इलेक्ट्रॉन आसक्ती या दोन वेगळ्या राशी आहेत हे आधी डोक्यातून काढा. पुस्तकात त्यांची दोन वेगळी प्रकरणं असतात, दोन वेगळे तक्ते असतात, आणि तिथेच घोळ सुरू होतो. क्लोरीनची इलेक्ट्रॉन आसक्ती ३४९ याचा अर्थ क्लोराइड आयनातून एक इलेक्ट्रॉन काढायला ३४९ लागतात. बस. ती क्लोराइडची आयनीभवन ऊर्जाच आहे. उलट बाजूने, सोडियमची आयनीभवन ऊर्जा ४९६ म्हणजे सोडियमच्या धन आयनाची इलेक्ट्रॉन आसक्ती ४९६. दोन्हीकडे प्रश्न एकच: समोर जो कण आहे, मग तो अणू असो, धन आयन असो की ऋण आयन, त्यातला सगळ्यांत सैल इलेक्ट्रॉन उपटायला किती ऊर्जा लागते?

हे शब्दांचे खेळ नाहीत, मोजतातही असंच. इलेक्ट्रॉन आसक्ती नेमकी मोजायची तर ऋण आयनांचा झोत घेतात, त्यावर लेसर मारतात आणि लेसरची ऊर्जा हळूहळू वाढवत नेतात. ज्या ऊर्जेला इलेक्ट्रॉन सुटायला लागतो तीच आसक्ती. ॲस्टॅटीनसारख्या दुर्मीळ, किरणोत्सारी मूलद्रव्याची इलेक्ट्रॉन आसक्ती २०२०मध्ये युरोपातल्या सर्न प्रयोगशाळेत याच पद्धतीने मोजली गेली. ती २३३ आली. इलेक्ट्रॉन ‘देऊन’ नव्हे, काढून घेऊन.

एकदा ही दृष्टी आली की प्रत्येक मूलद्रव्याची एक शिडी दिसायला लागते. क्लोरीनची बघा: क्लोराइडमधून ३४९, क्लोरीन अणूतून १२५१, एकदा आयनीभूत झालेल्या क्लोरीनमधून २२९८. सोडियमची: सोडियमच्या ऋण आयनातून ५३, अणूतून ४९६, धन आयनातून ४५६२. हो, सोडियमचाही ऋण आयन असतो. ५३ किलोज्यूलने का होईना, सोडियमचा अणू जादा इलेक्ट्रॉन धरून ठेवतो. १९७४मध्ये रसायनशास्त्रज्ञ जेम्स डाय यांच्या गटाने सोडियमचे असे ऋण आयन असलेले स्फटिकसुद्धा बनवले. ज्याला इलेक्ट्रॉन ‘द्यायचा’ असतो त्या सोडियमने!

शिडीच्या खालच्या पायऱ्या इतक्या बुटक्या का? उदासीन अणूपासून लांब असलेल्या इलेक्ट्रॉनला केंद्रकाचा धनभार आणि बाकीच्या इलेक्ट्रॉनांचा ऋणभार यांची बेरीज शून्य दिसते. जवळ आल्यावर, बाकीचे इलेक्ट्रॉन केंद्रकाला जिथे नीट झाकू शकत नाहीत तिथे, थोडं आकर्षण हाती लागतं, तेवढ्यावर तो टिकतो. धन आयनाचं तसं नाही, तो लांबूनच ओढतो. म्हणून आसक्ती शून्य ते साडेतीनशेच्या पट्ट्यात आणि पहिली आयनीभवन ऊर्जा पावणेचारशेपासून हेलियमच्या २३७२पर्यंत. हायड्रोजनच्या ऋण आयनाचा दुसरा इलेक्ट्रॉन फक्त ७३ने बांधलेला असतो, दृश्य प्रकाशाचा कुठलाही फोटॉन त्याला सहज उडवतो. सूर्याचा दिसणारा पृष्ठभाग अपारदर्शक आहे तो मुख्यतः याच दुबळ्या आयनामुळे. खगोलशास्त्रज्ञ रूपर्ट विल्ड्ट यांनी १९३९मध्ये ते ओळखलं आणि पुढे चंद्रशेखर यांनी त्याचा हिशेब तडीस नेला. असो.

आता तुमचे अपवाद. दुसऱ्या आवर्ताची पहिली आयनीभवन ऊर्जा ओळीने लिहा: लिथियम ५२०, बेरिलियम ८९९, बोरॉन ८०१, कार्बन १०८६, नायट्रोजन १४०२, ऑक्सिजन १३१४, फ्लोरीन १६८१, निऑन २०८१. चढत जाणारी ओळ दोनदा खाली येते, बोरॉनला आणि ऑक्सिजनला. आता मूलद्रव्यांची नावं पुसून टाका आणि त्या जागी इलेक्ट्रॉनांची संख्या लिहा: तीन, चार, पाच ते दहा. खाली येणं होतं पाचव्या आणि आठव्या इलेक्ट्रॉनला.

दुसरी ओळ लिहा, दुसऱ्या आयनीभवन ऊर्जेची. पण सुरुवात बेरिलियमपासून करा, कारण एक इलेक्ट्रॉन गमावलेल्या बेरिलियमकडे तीन उरतात: बेरिलियम १७५७, बोरॉन २४२७, कार्बन २३५३, नायट्रोजन २८५६, ऑक्सिजन ३३८८, फ्लोरीन ३३७४, निऑन ३९५२, सोडियम ४५६२. इथे खाली कोण आलं? कार्बन आणि फ्लोरीन. ‘अपवाद’ एक घर उजवीकडे सरकले. पण इलेक्ट्रॉन मोजा, कार्बनच्या धन आयनात पाच आणि फ्लोरीनच्या धन आयनात आठ. जागा तीच.

तिसरी ओळ इलेक्ट्रॉन आसक्तीची, म्हणजे ऋण आयनांची, आणि ती एक घर डावीकडून सुरू होते: हेलियम शून्य, लिथियम ६०, बेरिलियम शून्य, बोरॉन २७, कार्बन १२२, नायट्रोजन जवळपास शून्य, ऑक्सिजन १४१, फ्लोरीन ३२८. खाली आले बेरिलियम आणि नायट्रोजन. बेरिलियमचा ऋण आयन म्हणजे पाच इलेक्ट्रॉन, नायट्रोजनचा म्हणजे आठ.

झालं. तीन तक्ते, सहा ‘अपवाद’, आणि कारणं दोनच. दुसऱ्या कवचाचे २एस आणि २पी असे दोन भाग, म्हणजे उपकवचं. पाचवा इलेक्ट्रॉन २पी उपकवचात पहिल्यांदा जातो. २पी हे २एसपेक्षा केंद्रकाजवळ कमी शिरतं, म्हणून तो सैल. आठव्या इलेक्ट्रॉनला २पीमध्ये रिकामी खोली उरत नाही, तिथल्या तीन खोल्यांत, म्हणजे कक्षकांत, तीन इलेक्ट्रॉन आधीच बसलेले असतात. त्याला कुणाच्या तरी जोडीला बसावं लागतं, प्रतिकर्षण वाढतं, म्हणून तोही सैल. नायट्रोजनचा अणू जादा इलेक्ट्रॉन घेत नाही आणि ऑक्सिजनचा अणू नायट्रोजनपेक्षा सहज इलेक्ट्रॉन सोडतो, या एकाच घटनेच्या दोन बातम्या आहेत.

‘अर्धभरित कवचाला (म्हणजे तिन्ही कक्षकांत एकेकच इलेक्ट्रॉन असण्याला) विशेष स्थैर्य असतं’ हे कारण क्लासमध्ये घोकून घेतलं जातं. परीक्षेत लिहा, गुण मिळतील. मला स्वतःला ते फारसं पटत नाही. पहिल्या ओळीचे चढ बघा: बोरॉन ते कार्बन २८५, कार्बन ते नायट्रोजन ३१६, पुढे ऑक्सिजन ते फ्लोरीन ३६७, फ्लोरीन ते निऑन ४००. चढ सुरळीत वाढतोय, नायट्रोजन काही आपल्या रांगेतून वर उसळलेला नाही. ऑक्सिजनपासून पुढची सगळीच रांग एक पायरी खाली घसरली आहे. म्हणजे विशेष काही घडतंय ते आठव्या इलेक्ट्रॉनला जोडी करावी लागते तिथे.

इलेक्ट्रॉनांची संख्या कायम ठेवून केंद्रक बदलत गेलं तर आणखी मौज दिसते, आणि ही मौज आकड्यांनिशी बघण्यासारखी आहे. दहा इलेक्ट्रॉनांचे कण घ्या. फ्लोराइड ३२८, निऑन २०८१, सोडियम आयन ४५६२, दोन धनभारांचा मॅग्नेशियम आयन ७७३३, तीन धनभारांचा ॲल्युमिनियम आयन ११५७७. केंद्रकात दर वेळी एक प्रोटॉन वाढतोय, बाकी काही नाही. फरक काढा: १७५३, २४८१, ३१७१, ३८४४. फरकांचे फरक काढा: ७२८, ६९०, ६७३. जवळपास सारखेच!

का, तर हायड्रोजनच्या सूत्रात ऊर्जा ही परिणामी केंद्रकीय भाराच्या (बाकीच्या इलेक्ट्रॉनांनी झाकून उरलेल्या भाराच्या) वर्गाच्या प्रमाणात असते: १३१२ गुणिले भाराचा वर्ग, भागिले कवच क्रमांकाचा वर्ग. दुसऱ्या कवचासाठी १३१२ भागिले ४, म्हणजे ३२८. भार एकेकाने वाढवत गेलं की वर्गाच्या दुसऱ्या फरकात त्याची दुप्पट येते, ६५६. दहा इलेक्ट्रॉनांच्या गर्दीतही हायड्रोजनचं इतकं सरळ गणित खालून डोकावत राहतं. आणि यातून आसक्तीचा अंदाजही बांधता येतो. फ्लोराइडचा आकडा हाताने झाका. निऑन, सोडियम, मॅग्नेशियम यांच्यावरून मागे जा: २४८१ वजा ६९० म्हणजे १७९१. निऑनच्या २०८१मधून ते वजा केले की २९०. खरा आकडा ३२८. धन आयनांच्या तक्त्यावरून ऋण आयनाचा अंदाज, आणि तोही चाळिसाच्या आत! आसक्ती नेमकी मोजायची साधनं हाती येण्याआधी असे अंदाज याच वाटेने बांधले जात.

त्याच वाटेने आणखी एक पायरी मागे या, ऑक्साइड आयनावर. १७५३मधून साधारण ७०० गेले की १०५० च्या आसपास. ३२८ वजा १०५० म्हणजे उणे सातशेवर काहीतरी. उणे! म्हणजे एकट्या ऑक्साइड आयनातून इलेक्ट्रॉन काढायला काही लागत नाहीच, उलट तो सुटताना ऊर्जा बाहेर पडते. पुस्तकात ऑक्सिजनची दुसरी इलेक्ट्रॉन आसक्ती म्हणून अधिक ७४४ वगैरे जो आकडा देतात तो हाच. दोन ऋणभारांचा मोकळा ऑक्साइड आयन निर्वात जागेत टिकत नाही. एकाही मूलद्रव्याचा असा दुहेरी ऋण अणू-आयन टिकत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे. मीठ.

वर म्हटलं तसं, दूर असलेल्या सोडियम आणि क्लोरीनमध्ये इलेक्ट्रॉनची देवघेव झाली तर १४७ची पदरमोड होते. पण देवघेव झाल्यावर दोघे भारित होतात आणि विरुद्ध भार एकमेकांना ओढतात. ही ओढ मोलमागे १३८९ भागिले अंतर अँगस्ट्रॉममध्ये (मीटरचा एक हजार कोटीवा भाग), इतकी. १४७ भरून निघायला अंतर साडेनऊ अँगस्ट्रॉमच्या आत आलं की पुरे. म्हणजे दोन अणू त्याहून लांब असताना उदासीनच राहणं फायद्याचं, त्याच्या आत आले की आयन होणं फायद्याचं. वायुरूप सोडियम क्लोराइडच्या रेणूत अंतर २.३६ अँगस्ट्रॉम असतं. तिथे नुसत्या ओढीतून ५८८ मिळतात. १४७चं देणं चुकवून ४४१ हाती उरतात, त्यातले थोडे इलेक्ट्रॉनांच्या आपसातल्या प्रतिकर्षणात जातात. प्रत्यक्षात त्या रेणूचे दोन अणू वेगळे करायला सुमारे ४१० लागतात. हिशेब जमला.

स्फटिकात तर प्रत्येक सोडियमभोवती सहा क्लोराइड, त्यापलीकडे बारा सोडियम, अशी सगळी रचना धरून बेरीज करावी लागते. अंतर २.८२ झालं तरी एकूण मिळकत वाढते आणि प्रतिकर्षण वजा जाता ७८७ उरते. तुमच्या पुस्तकातलं बॉर्न-हाबर चक्र म्हणजे हीच खतावणी: सोडियम धातूचे सुटे अणू करायला १०७, क्लोरीनचा अर्धा मोल फोडायला १२१, आयनीभवनाला ४९६, आसक्तीतून परत ३४९. एकूण खर्च ३७५. स्फटिक देतो ७८७. निव्वळ ४११च्या आसपास, आणि मिठाची मोजलेली निर्मिती ऊर्जा नेमकी तितकीच. सोडियमने इलेक्ट्रॉन ‘दिला’ नाही, स्फटिकाने तो विकत घेतला.

याच खतावणीत ऑक्साइडचं कोडंही सुटतं. मॅग्नेशियमचे दोन इलेक्ट्रॉन काढायला ७३८ आणि १४५१, ऑक्सिजनला दोन्ही इलेक्ट्रॉन कोंबायला मिळून सुमारे ६००, वर धातूचे अणू सुटे करणं आणि ऑक्सिजनचा रेणू फोडणं. खर्च बत्तीसशेच्या घरात जातो. पण दोन-दोन भारांची ओढ चौपट, अंतरही कमी, त्यामुळे स्फटिक जवळपास ३८०० देतो. म्हणून मॅग्नेशियम ऑक्साइड बनतो आणि भट्टीच्या विटांत टिकतो. मग सोडियमनेही दोन इलेक्ट्रॉन का सोडू नयेत? कारण दुसऱ्याचा भाव ४५६२ आहे आणि तेवढं देणारा स्फटिक नाही. ‘अष्टक पूर्ण करायची ओढ’ म्हणतात ती इतकीच: आतल्या कवचाला हात घातला की भाव एकदम कैक पट होतो (सोडियमचा नऊ पट) आणि गिऱ्हाईक पळतं.

फ्लोरीनचं थोडक्यात सांगतो, कारण आता ते अवघड राहिलेलं नाही. फ्लोरीनचा अणू फार लहान. बाहेरच्या कवचात सात इलेक्ट्रॉन आधीच दाटीवाटीने बसलेले, त्यात आणखी एक आला की प्रतिकर्षण चांगलंच जाणवतं. क्लोरीनच्या ऐसपैस तिसऱ्या कवचात ते कमी. म्हणून ३२८ विरुद्ध ३४९. तिसऱ्या आवर्तात सल्फर २०० आणि दुसऱ्यात ऑक्सिजन १४१ हेही त्याच दाटीमुळे. पण फ्लोरीनचा जहालपणा एकट्या अणूचा गुण नाहीच. पाण्यातला हिशेब करा. फ्लोरीनच्या रेणूचा बंध लेचापेचा, अर्धा मोल फोडायला फक्त ७९, क्लोरीनला १२१. पुढे लहानखुऱ्या फ्लोराइडला पाणी घट्ट कवटाळतं, सुमारे ५०५ मिळतात, क्लोराइडला ३६३. गोळाबेरीज फ्लोरीनची ७५४, क्लोरीनची ५९१. आसक्तीत २१ने मागे असलेला फ्लोरीन शेवटी दीडशेच्या वर पुढे निघतो. क्षपण विभवात (पाण्यात इलेक्ट्रॉन ओढून घेण्याच्या जोराच्या मापात) तेच दिसतं: २.८७ व्होल्ट आणि १.३६ व्होल्ट. लिथियमची आयनीभवन ऊर्जा सोडियमपेक्षा जास्त असून पाण्यात तो जास्त प्रबळ क्षपणक, म्हणजे दुसऱ्याला इलेक्ट्रॉन देणारा, का, हा प्रश्न बहुतेक तुमच्या पुढच्या चाचणीत येईल. त्याचंही उत्तर जलयोजनातच, म्हणजे पाण्याने आयनाला कवटाळण्यातच, शोधा.

इथवर फरकाचे पैसे भरणारे दोघे झाले, स्फटिक आणि पाणी. तिसरा माझ्या रोजच्या कामातला आहे आणि पुस्तकांत त्याला फारशी जागा मिळत नाही. द्राक्षबागायतदार देठ परीक्षणासाठी नमुने देतात, त्यात पोटॅशियम मोजायचं असतं. द्रावण ज्योतीत फवारायचं, पोटॅशियमचे अणू उजळतात, उजेड मोजायचा. हवा-ॲसिटिलीनची ज्योत साधारण २३०० सेल्सियसची. तिथे उष्णतेतून मोलमागे मिळणारी ऊर्जा वीस-बावीस किलोज्यूल, पोटॅशियमची आयनीभवन ऊर्जा ४१९. हे दोन आकडे बघून कुणीही म्हणेल की आयनीभवन होणं शक्य नाही. पण होतं, आणि चांगलं ठसठशीत होतं. आयन झालेला पोटॅशियम अणूच्या रंगात उजळत नाही, त्यामुळे संकेत कमी येतो. पातळ द्रावणात तर आणखी जास्त वाटा आयन होतो, म्हणून प्रमाण आलेख (माहीत असलेल्या प्रमाणाच्या द्रावणांवरून काढलेला) खालच्या टोकाला सरळ न राहता वर वाकत जातो.

इथे पैसे भरते ती एंट्रॉपी. विरळ वायूत एकदा सुटलेल्या इलेक्ट्रॉनला परत जोडीदार सापडणं मुश्कील असतं. सुटे राहण्याचे मार्ग प्रचंड, जोडून राहण्याचे थोडे. मेघनाद साहा यांनी १९२०मध्ये नेमकं हेच समीकरणात बसवलं आणि ताऱ्यांचे वर्णपट वाचता येऊ लागले. सूर्यप्रकाशात आयनीभूत कॅल्शियमच्या रेषा ठळक का दिसतात, आणि सहज आयनीभूत होणाऱ्या रुबिडियमच्या अणूच्या रेषा सूर्याच्या तप्त पृष्ठभागावर न सापडता तुलनेने थंड डागांत का शोधाव्यात, हे त्यातून कळलं.

आम्ही प्रयोगशाळेत याच समीकरणाचा उलटा उपयोग करतो. नमुन्यात आणि प्रमाण द्रावणात, दोन्हीत सारखंच सीझियम क्लोराइड घालतो. सीझियम ३७६ला इलेक्ट्रॉन सोडतो, ज्योतीत सुट्या इलेक्ट्रॉनांची गर्दी होते आणि पोटॅशियमच्या आयनांना लगेच जोडीदार मिळतो. ते पुन्हा अणू होतात, आलेख सरळ होतो. कुणी नमुन्यात घातलं आणि प्रमाण द्रावणात विसरलं, की पोटॅशियम हमखास जास्त दिसतं. बागायतदाराला खत कमी घालायचा सल्ला जातो, तो वेगळाच. आर्गॉनच्या प्लाझ्मावर चालणाऱ्या मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये हीच गोष्ट दुसऱ्या टोकाने दिसते. आर्गॉनची आयनीभवन ऊर्जा १५२१, बहुतेक धातूंची त्याच्या निम्मी, म्हणून ते जवळपास पूर्ण आयन होतात. फ्लोरीनची १६८१, म्हणून त्या यंत्रावर फ्लोरीन नेहमीच्या पद्धतीने मोजायला जाऊ नये.

थोडं मागे वळून एवढंच नोंदवा: तक्त्यातले आकडे एकट्या, वायुरूप कणाचे असतात. त्यावरून अणूंची आपसात तुलना करता येते. पदार्थ बनेल का, धातू पाण्यात किती जोराने क्षपण करेल, ज्योतीत किती अणू फुटतील, हे ठरवायला त्या आकड्यांत स्फटिकाची, पाण्याची किंवा तापमानाची बाजू मिळवावीच लागते.

पाठांतराबद्दल विचारलंत, तर ते तुमची परीक्षा कोणती यावर आहे. प्रवेश परीक्षेला क्लोरीन, फ्लोरीन, ब्रोमीन, आयोडीन हा उतरता क्रम (३४९, ३२८, ३२५, २९५) आणि ऑक्सिजन-सल्फरची जोडी लक्षात ठेवा. बाकी दुसऱ्या आवर्ताच्या तीन ओळी एकाखाली एक, इलेक्ट्रॉनांच्या संख्येने जुळवून, स्वतःच्या हाताने आलेख कागदावर काढा. ते पुरेसं होईल.

चिन्हाचा घोटाळा मात्र टाळा, त्यात फुकट गुण जातात. अकरावीच्या पुस्तकात ‘इलेक्ट्रॉन गेन एन्थाल्पी’ असते आणि ती क्लोरीनसाठी उणे ३४९ लिहितात, कारण ऊर्जा बाहेर पडते. जुन्या पुस्तकांत आणि संशोधनात ‘इलेक्ट्रॉन आसक्ती’ अधिक ३४९ असते. ‘कोणाची सर्वांत ऋण’ असं विचारलं तरी उत्तर क्लोरीन आणि ‘कोणाची सर्वांत जास्त आसक्ती’ विचारलं तरी क्लोरीन. दोन्हींत तापमानामुळे सहाएक किलोज्यूलचा बारीक फरकही असतो, पण तुमच्या पातळीला तो सोडून द्या. आणि प्रश्नात ऑक्सिजनची दुसरी आसक्ती आली की मात्र चिन्ह उलटतं. तिथे गडबडलात तर निऑन, फ्लोराइड, ऑक्साइड ही मागे जाणारी ओळ पुन्हा लिहून बघा: २०८१, ३२८, आणि मग शून्याच्या खाली.